शेळीला हळद कुणी लावली

नगर,
रविवार, चर्चहून आल्यावर

प्रिय चांगुणे,

फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी ‘अगं ऐक’ म्हणेपर्यंत तुझं ‘ठेवते गं, दूध उतू जातंय’ सुरू होतं. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तुझ्याकडे सारखं दूध उतू जातंय. पुणतांब्यात एवढं दूध कधीपासून निघायला लागलं? म्हणून हे पत्र. ते तुला मध्येच ठेवून देता येणार नाही, आणि दिलंस तरी चैन पडणार नाही. अध्यापक विद्यालयाच्या वसतिगृहात एका खोलीत राहिलोय आपण, तुझं एवढं तरी मला कळतं. बाकी तुझ्याबद्दल मला काय कळतं आणि काय नाही, याचाच सध्या गोंधळ उडालाय.

आधी डोळ्याचं सांगते. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून भिंग बसवलंय. डावा अजून होता तसाच आहे. उजव्याने बघितलं तर घराच्या भिंती पांढऱ्याशुभ्र, आणि डाव्याने बघितलं तर त्याच भिंती कुणी चहाच्या पाण्यात बुडवून काढल्यासारख्या. दिवसभर मी एक डोळा झाकून दुसऱ्याने, मग दुसरा झाकून पहिल्याने बघत बसते. समोरच्या दुकानदाराला वाटतं मी त्याला डोळा मारतेय, या वयात! डॉक्टरांना विचारलं, यातला खरा रंग कोणता समजायचा? तो पोरगेलासा डॉक्टर म्हणाला, “आजी, उजव्याचा.” आजी म्हणाला त्याचा राग आलाच, पण त्याहून राग याचा आला की त्याला ते इतकं सोपं वाटलं. डाव्या डोळ्याने जे मी आजवर बघितलं, काढलं, रंगवलं, ते मग काय होतं?

छबूबाईचं ऐक. आपली छबूबाई, माझ्याकडे भांडी-कपडे करते ती. गेली काही वर्षं मी तिच्या मागे लागले होते, चादरी पिवळ्या पडल्यात, नीळ घाल, अजून घाल. ती म्हणायची, “बाई, चादरी पांढऱ्याफेक हायेत, तुमी डोळं दावून या.” मी मनात म्हणायचे, नाचता येईना अंगण वाकडं. पट्टी निघाल्यावर घरी आले, दोरीवरची चादर बघितली तर ती आभाळासारखी निळी. मी माफी मागितली तिची. म्हणाली, “आसू द्या. पर आता नीळ बंद करू का?”

हे हसण्यावारी गेलं. पुढचं जाईना. ऑपरेशनच्या आधी, दिवाळीची सुट्टी संपल्यावर, मला श्रीगोंद्याकडच्या एका शाळेत बोलावलं होतं, हे तुला माहीत आहे. कारखान्याच्या रस्त्यावरची शाळा, खिडकीबाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग. मुलांनी आपलं ‘कापसातली शेळी’ पुस्तक, तुझी गोष्ट आणि माझी चित्रं, वाचलेलं, नव्हे पाठच केलेलं. मी फळ्यावर शेळी काढायला घेतली तेवढ्यात पहिल्या ओळीतली एक चिमुरडी उठली आणि म्हणाली, “बाई, शेळीला हळद कुनी लावली?” मला काही उमगेना. मागून एक म्हणाला, “नवरीनं लावली आसन.” दुसरी म्हणाली, “न्हाई, म्हातारीनं लावली, ती लई खोडील हाय.” मी म्हटलं, “अरे, कुठली हळद? शेळी पांढरी आहे आपली.” वर्ग असा हसला की बाहेरच्या ट्रॉलीवाल्याने वाकून बघितलं. गुरुजींनी घाईघाईने मला पाणी दिलं. “बाई गमती करत्यात रे,” असं मुलांना सांगितलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. परतताना एसटीत मी विचार करत होते, हळद कुठून आली या पोरांच्या डोक्यात? मुलं काहीही बघतात, असं म्हणून सोडून दिलं.

मग गेल्या आठवड्यात आपल्या प्रकाशकाचा, सुनीलचा, पुण्याहून फोन आला. शेळीची नवी आवृत्ती काढायचीय म्हणाला, मोठ्या आकारात. आनंद झाला. मग तो चाचरत म्हणाला, “मॅडम, आता डोळा झालाय, तर शेळी पांढरी करून देता का? चांगुणाबाईंकडे मूळ गोष्ट आहेच. नाहीतर आहे तशीच राहू दे. तुम्ही म्हणाल ते. पण आठवड्याभरात कळवा.” मी फोन ठेवला आणि कपाटातून पुस्तक काढलं. तुला माझी खोड माहीत आहे, छापून आलेलं पुस्तक मी एकदा चाळते आणि कपाटात उभं करते. वाचत नाही. आपल्याच चुका दिसत राहतात म्हणून आजवर वाचलं नाही. यावेळी उजव्या डोळ्याने उघडलं.

चांगुणे, शेळी पिवळी आहे. पिवळट नाही, पिवळीधमक आहे. प्रत्येक पानावर. डाव्या डोळ्याने बघितली तर अजूनही पांढरीच दिसते, कुठेतरी सायीची छटा, मला हवी होती तशी. ते कसं झालं हे मला आठवतं. पांढऱ्या अंगाला सावली म्हणून मी सायीच्या रंगाचा अगदी पातळ हात देत होते. तो दिसेना. म्हणून अजून एक हात दिला. तरी दिसेना, म्हणून अजून एक. मला तो दिसायला लागला तेव्हा तुम्हा सगळ्यांना त्याची हळद झाली असणार. नवशिक्या पोरानेसुद्धा केली नसती अशी चूक मी एका पुस्तकभर केली, मन लावून केली, आणि खाली सही केली.

पण खरा घोटाळा पुढे आहे. आपली पद्धत तुला काय सांगायची, पण मला ती स्वतःलाच पुन्हा सांगून बघायचीय. तू फोनवर गोष्ट वाचतेस, मी डोळे मिटून ऐकते. कागद मी मागत नाही, कारण कागद समोर असला की मी शब्द काढत बसते, चित्र काढत नाही. मग चित्रं कुरियरने आधी तुझ्याकडे येतात, फोनवरचे रंग खोटे बोलतात म्हणून. तू चित्रांत उरलेल्या जागेप्रमाणे ओळी छाटतेस आणि सगळं मिळून सुनीलला पाठवतेस. म्हणजे शेवटचा हात तुझा. तुझ्या त्या शेवटच्या हाताकडे मी कधी बघितलंच नव्हतं.

तू मला वाचून दाखवलेली शेळी पांढरी होती. लग्नघरात शिरते, मांडवाची केळीची पानं खाते, नवरदेवाचा फेटा चघळते आणि सगळे मागे लागले की ओसरीवरच्या कापसाच्या ढिगात जाऊन बसते. पांढऱ्यात पांढरी, त्यामुळे कुणाला सापडत नाही, आणि शेवटी ढीग शिंकतो. मी ऐकून इतकी हसले होते! छापलेल्या पुस्तकात मात्र शेळी हळदीने माखलेली आहे आणि ते तिला माहीतच नाही. ती कापसात जाऊन डोळे मिटून बसते. सगळ्यांना ती लख्ख दिसते. पण ते एकमेकांना खुणावतात आणि ‘शेळी कुठं गेली बाई, शेळी कुठं गेली’ करत तिच्याच भोवती फिरतात. माझ्या चित्रांत माणसं कपाळाला हात लावून भलतीकडे बघत होती, कारण त्यांना ती सापडत नव्हती. तुझ्या नव्या ओळींखाली तीच माणसं सोंग करतायत. माझी एक रेघ न बदलता तू अख्ख्या घराला सोंग घ्यायला लावलंस. आणि शेवटच्या पानावर, जिथे मी नुसता कापूस काढून जागा सोडली होती, तिथे एकच ओळ. शेळीला हळद कुणी लावली?

आधी मला हसू आलं. गोष्ट पहिलीपेक्षा चांगली आहे, हे मी रागातसुद्धा कबूल करते. मग जो राग आला तो अजून पुरता उतरलेला नाही. ती शेळी मीच की! डोळे मिटून बसलेली, आपण पांढरे आहोत अशा समजुतीत. आणि तुम्ही सगळे भोवती, काय सुंदर चित्रं, काय सुंदर चित्रं. तुला माहीत होतं, सुनीलला माहीत होतं, श्रीगोंद्याच्या गुरुजींना माहीत होतं. आराधनाला फोन करून विचारलं. पोटची पोर माझी, खोटं बोलणार नाही असं वाटलं. ती म्हणाली, “मम्मी, मला वाटलं तू मुद्दामच केलंयस.” हे खरं की हेही सोंग? ओळखता येईना. मग बाकीची पुस्तकं काढली. तू फोनवर सांगितलेली निळी सायकल माझ्या हातून जांभळी उतरलीय, आणि तू ती जांभळी लिहिलीस. आणि आता हे वाऱ्याचं पुस्तक. सहा महिने मी डोकं फोडतेय, वारा काढायचा कसा? या बाईला वाऱ्यावर गोष्ट लिहायची अवदसा कुठून आठवली? परवा लक्षात आलं. त्या गोष्टीत एकही रंग नाही. वाऱ्याला रंग नसतो म्हणूनच तू वारा निवडलास ना?

मग माझ्या मनात जे आलं ते तुला सांगितल्याशिवाय मला झोप लागायची नाही. वाटलं, चांगुणा माझ्याबरोबर पुस्तकं करते ती माझ्या चित्रांसाठी नाही, कीव येते म्हणून करते. पॉल गेला, पोरगी सासरी गेली, बिचारी हन्ना, तिला कशात तरी गुंतवून ठेवू या. चाळीस वर्षांची मैत्रीण तोंडावर ‘तुझा रंग चुकला’ म्हणू शकत नाही? तू तर वसतिगृहात माझ्या स्वयंपाकाला तोंडावर नावं ठेवायचीस. तेव्हा खरं बोलायला तुझं काय जात होतं आणि आता काय जात होतं? एकदा वाटायचं, सुनीलला सांगावं, शेळी पांढरी करा, मूळ गोष्ट घ्या आणि चूक पुसून टाका. लगेच वाटायचं, आणि ती चिमुरडी? तिची हळद कुठे जाईल? म्हणून चार दिवस खपून एक पांढरी शेळी काढलीही. उजव्या डोळ्याने. केस न् केस बरोबर, सावली बरोबर, सगळं बरोबर. पण तिच्याकडे बघून हसूच येईना. कुणाच्याही गोठ्यातली असावी अशी शेळी.

डाव्या डोळ्याचंही ठरत नाही. पुढच्या गुरुवारची तारीख दिलीय. पण पॉलचा फोटो आहे ना कपाटावरचा, हिवरे बाजारला त्याच्या शाळेची सहल नेली होती तेव्हाचा, तो उजव्या डोळ्याने बघितला तर फिकुटलेला, निळसर, ओठ तर पांढरेच. डाव्याने बघितला की उन्हात उभा असल्यासारखा, गाल तांबूस, आता काहीतरी बोलेल असा. मी रोज उजवा डोळा झाकून त्याला ‘येते रे’ म्हणते आणि बाहेर पडते. हा डोळाही केला तर मग कोणत्या डोळ्याने म्हणू? डॉक्टरला हे विचारायची सोय नाही. तो पुन्हा आजी म्हणेल.

आता आजचं. आज चर्चमध्ये प्रभुभोजनाचा, भाकर-द्राक्षारस घ्यायचा रविवार. या दिवशी पांढरी साडी नेसायची ही आमच्या सासूबाईंची शिस्त, मी अजून पाळते. ट्रंकेतून ती सायीच्या रंगाची सुती साडी काढली, दर वेळी नेसते तीच. नेसून आरशासमोर उभी राहिले आणि खांद्यावर बघते तर पदराला तळहाताएवढा पिवळा डाग. डाव्या डोळ्याने बघितलं तर डाग नाही. उजव्याने, आहे. छबूबाईला हाक मारली. ती म्हणाली, “ते व्हय? आराधनाताईच्या हळदीचा हाय. म्या लई येळा धुतला, निघंना. तुमी म्हनला निघाला एकदाचा, म्हनून म्या गप बसले.” म्हणजे आराधनाच्या लग्नापासून मी दर प्रभुभोजनाला खांद्यावर हळदीचा पंजा घेऊन सगळ्या मंडळीसमोरून चालत गेले आहे. आणि कुणी, अगदी कुणी, काही बोललं नाही.

मी तशीच पलंगावर बसले. उपासनेला उशीर होईल याचं भान राहिलं नाही, कारण मला तो हात आठवला. तुला आठवतो का गं? पॉलला जाऊन वर्ष झालं नव्हतं. आमच्यात चर्चचे पाळक लाख सांगतात, पण हळद काही सुटलेली नाही, आणि हळदीबरोबर तिचे नियमही नाहीत. मी वाटीत बोटं बुडवली आणि मार्थाआत्या हळूच म्हणाल्या, “हन्ना, तू जरा मागं हो. बरं दिसत न्हाई.” वाईट बाई नव्हत्या त्या, रीत म्हणून बोलल्या. मी मागे झाले. स्वतःच्या मुलीच्या हळदीत मागे होऊन पार स्वयंपाकाच्या भांड्यांपाशी जाऊन उभी राहिले, आणि कुणाला दिसू नये म्हणून उगाच झाकणं मोजायला लागले. तू आलीस. मला वाटलं, रडशील माझ्या गळ्यात पडून. तुझ्या हातात हळदीची वाटी होती. तू काही न विचारता अख्खा पंजा माझ्या गालावर ओढलास, मानेपर्यंत, आणि उरलेला खांद्यावर पुसलास. म्हणालीस, “जा आता. हळद लागलेल्या बाईला कोन मागं हो म्हनतंय, बघूच.” मी तशीच मांडवात गेले. सगळ्यांनी बघितलं. मार्थाआत्यांनीसुद्धा. आणि सगळे असे वागले की जणू माझ्या गालावर काहीच नाही, आणि मी माझ्या आराधनाला हळद लावली.

त्यानंतर मी जे पहिलं पुस्तक रंगवायला घेतलं ते हेच शेळीचं. पॉल गेल्यापासून ब्रश हातात धरला नव्हता. तेव्हा तू मला सांगितलं असतंस, हन्ना, तुझे डोळे गेले, तुझी शेळी पिवळी आलीय, तर मी ब्रश धुऊन कायमचा ठेवून दिला असता. हे मला ठाऊक आहे आणि तुलाही ठाऊक होतं. म्हणून तू शेळी पुसली नाहीस, तिच्याभोवतीची गोष्टच बदललीस. मांडवात केलंस तेच केलंस. आता हे मी तुझे आभार मानते आहे की भांडते आहे, मला समजत नाही. दोन्ही समज. नंतरच्या पुस्तकांबद्दल मात्र माझं भांडणच आहे. एकदा झाकलंस ते ठीक, मग सायकलच्या वेळी तरी कान धरायचास. डोळा लवकर झाला असता आणि तुला वाऱ्याच्या मागे धावावं लागलं नसतं. इथून पुढे रंग चुकला की तू मला तोंडावर सांगायचं, स्वयंपाकाला नावं ठेवायचीस तसं.

पण मी हे पत्र लिहायला बसले ते एवढ्याचसाठी नव्हे. सुनीलला मी मघाशी कळवून टाकलं, शेळी पिवळीच राहील. पण नव्या आवृत्तीत एक चित्र वाढवायचंय, अगदी शेवटच्या पानावर, तुझ्या त्या ओळीखाली. कापसाचा ढीग, शेळीची पाठ, आणि पानाच्या कडेतून आलेला एक हात, हळदीने भरलेला. तोंड दाखवणार नाही. मुलांना भांडू दे नवरीचा की म्हातारीचा म्हणून. आठवून काढायचा प्रयत्न केला, चांगुणे, पण दुसऱ्या कुणाचाही हात चालेना. म्हणून पुढच्या बुधवारी सकाळच्या गाडीने ये, दूध गोरक्षभाऊजींना बघू दे. दिवसभर माझ्यासमोर बस. रेघ मी उजव्या डोळ्याने काढेन, पण हळद तेवढी डाव्याने लावेन, कारण तो पिवळा मला उजव्याने जमत नाही, बरेच वेळा करून बघितला. गुरुवारी दवाखान्यात जायचं की नाही ते तू असताना ठरवू. येताना हातात त्या हिरव्या बांगड्या घालून ये, आराधनाच्या लग्नात घातल्या होत्यास त्याच. हिरवा मी उजव्या डोळ्याने लावणार आहे, तो हिरवाच उतरेल. तुला काही बदलावं लागणार नाही.

तुझीच, अर्धी शहाणी झालेली,
हन्ना